कॅबर्ने हुंगताना

काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात मी पंचवीस वर्षं स्टुअर्ड आहे. आमच्या मेन्यूवर एक लाल वाइन आहे, कॅबर्ने सोव्हिन्यों. बारक्या, काळ्या, जाड सालीच्या द्राक्षांची. तिला जांभळाचा वास, मागून ढोबळी मिरचीचा, आणि घोट घेतला की जीभ आखडते. वाइनच्या कोर्समध्ये शिकलो तेव्हा मला तिचं भारी कौतुक होतं. इथलं गिऱ्हाईक तिच्यात बर्फ टाकतं, सोडा ओततं, एकानं तर लिंबू पिळलं. गाढवाला गुळाची चव काय! पण असं म्हणायचा अधिकार आता मला राहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तापातून उठलो आणि वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल. आला नाही. वाइनमधला मला आता नुसता तुरटपणा कळतो. हॉटेलात हे कुणालाच ठाऊक नाही. वाइन ओळखतो म्हणून मला ठेवलंय, नाहीतर या वयात ट्रे उचलायला कोण ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाटली उघडली की यजमानाच्या ग्लासात आधी घोटभर ओतायची रीत आहे. त्यानं चव पाहून मान हलवली की मग बाकीच्यांना. पूर्वी लोक चिडायचे, "बस, इतनीही?" आता त्या घोटावरच माझी नोकरी चाललीय. त्यांची तोंडं पाहून मी बाटली चांगली की वाईट ते ठरवतो. दिवसभर उभं राहून दमत नाही इतका मी ही तोंडं वाचून दमतो.

परवा रविवारी दुपारी एक मुलगी वडिलांना जेवायला घेऊन आली. वडील उत्तनकडचे कोळी, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेले. तिनं हौसेनं कॅबर्ने मागवली. मी वडिलांपुढे घोटभर ओतली. मासळी पारखावी तसा त्यांनी ग्लास नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास तसाच खाली ठेवला. मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाले, "ही आंबलीय, बाला. केवढा वास मारतंय! तुला येत न्हाय काय?"

"नाही, काका."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली." इथं हे मी पहिल्यांदाच कुणापुढे बोललो होतो.

"पोर येच्या आत दुसरी आन. तिला कलू देऊ नको. बाटली तिच्या पैल्या पगाराची हाय."

मी घाईघाईनं दुसरी आणली, उघडली आणि ओतायच्या आधी बाटलीच त्यांच्या नाकापुढे धरली. त्यांनी सावकाश हुंगली. "ही बेस हाय. वत."

मुलगी परत आली. मी ग्लास भरत होतो तेव्हा तिनं मलाच विचारलं, "काका, तुम्हाला कळतं ना यातलं? कशी आहे ही?"

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते ताटात बघत होते.

"उत्तम आहे," मी म्हणालो, आणि किचनच्या दारामागे जाऊन रडलो.