बूथवर बसणार कोण?

त्यागीजींनी प्रस्ताव वाचला, टाळ्या सुरू झाल्या आणि मी हात वर केला.

रविवारची सकाळ होती. दिल्लीतल्या आमच्या शिक्षक युनियनची मीटिंग. त्यागीजी अध्यक्ष, मी झोनची सचिव. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि प्रस्ताव होता की युनियनने एका उमेदवाराला उघड पाठिंबा द्यायचा. त्याने सगळ्या गेस्ट टीचर्सना कायम करण्याचं आश्वासन दिलं होतं.

गेस्ट टीचर म्हणजे पाहुणा शिक्षक, पण नावापुरताच पाहुणा. ते वर्षानुवर्षं त्याच शाळेत शिकवतात, पेपर तपासतात, पालकांना भेटतात. पगार मात्र हजेरीप्रमाणे. सुट्टी लागली की पगार थांबतो. आमच्या युनियनमध्ये त्यांची संख्या मोठी.

"बोला, सावंत मॅडम," त्यागीजी म्हणाले.

"मतदानाच्या दिवशी बूथवर कोण बसणार?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. आपल्याकडे निवडणुकीची ड्यूटी शिक्षकांना लागते. यादीत नाव शोधणारे आम्ही, बोटाला शाई लावणारे आम्ही.

"आज आपण एकाचा प्रचार करायचा आणि त्या दिवशी टेबलामागे बसायचं. समोरचा माणूस आपल्यावर विश्वास कसा ठेवेल? शिवाय सर्व्हिस रूल्स आहेत. सरकारी नोकराला प्रचार करता येत नाही."

माझ्या शेजारी शबनम बसली होती. आमच्याच मुलींच्या शाळेत ती सायन्स शिकवायची. गेस्ट टीचर. मी गणिताची, त्यामुळे आमच्या स्टाफरूममधल्या खुर्च्याही शेजारी. ती हळूच म्हणाली, "मॅम, रूल्स आपके लिए हैं. आप परमनंट हैं."

मला लागलं. पण ती खोटं बोलत नव्हती.

"तो क्या करें?" त्यागीजी वैतागले. "तोंड बंद करून बसायचं?"

"नाही. पाठिंबा कोणालाच द्यायचा नाही. सगळ्यांना बोलवायचं आणि पालकांसमोर प्रश्न विचारायचे."

"कोणी येणार नाही."

"मग प्रस्ताव परत आणा. मी विरोधाला हात वर करणार नाही."

तेवढ्या अटीवर माझं म्हणणं मान्य झालं.

आता सभा आम्ही घेतली असती तर तेही राजकारणच ठरलं असतं. म्हणून मी सुनीताकडे गेले. सुनीता म्हणजे नववीतल्या काजलची आई. शाळेच्या मॅनेजमेंट कमिटीत पालकांची प्रतिनिधी होती आणि सेक्टरमधल्या तीन घरांत स्वयंपाक करायची. तिला सगळं सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "सायन्सचं विचारायचं ना?"

आमच्या शाळेत अकरावीला सायन्स नव्हतं. दहावीला चांगले मार्क मिळवणारी मुलगी एकतर दोन बस बदलून लांबच्या शाळेत जायची, नाहीतर आर्ट्स घ्यायची. बहुतेक जणी आर्ट्सच घ्यायच्या. घरचे लांब पाठवत नसत.

सुनीता आणि आणखी दोन आयांनी निवडणूक कार्यालयात अर्ज केला. आचारसंहिता लागू असताना कुठल्याही सभेला परवानगी लागते. तिथल्या बाबूंनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सुनीता चार आया घेऊन गेली आणि परवानगी मिळाली. जागा ठरली बारात घराची. दिल्लीत वस्तीतल्या लग्नाच्या हॉलला बारात घर म्हणतात.

सभेला हॉल भरला. मागे भिंतीला टेकून पालक उभे. आम्ही शिक्षक एका कोपऱ्यात, ठरल्याप्रमाणे तोंड बंद. एक उमेदवार वेळेवर आला. दुसऱ्याने भावाला पाठवलं. तिसरा, म्हणजे आमच्या प्रस्तावातला, ढोल घेऊन उशिरा आला.

सुनीताने माइक हातात घेतला.

"हमारी लड़कियाँ सायन्स पढ़ेंगी कि नहीं?"

भाऊ म्हणाला, विचारून सांगतो. ढोलवाले उमेदवार म्हणाले, बिल्कुल, पुढच्याच महिन्यात. वेळेवर आलेला गृहस्थ म्हणाला, "पुढच्या महिन्यात होत नाही. लॅब लागते, शिक्षक लागतात, मंजुरी लागते. निवडून आलो तर शाळेच्या पुढच्या सेशनसाठी मागे लागेन. तुम्ही माझ्या मागे लागा."

मग एकदम शबनम उठली. मी तिची ओढणी धरली. तिने सोडवून घेतली. गेस्ट टीचरला कमी करायला फार कारण लागत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"सर," ती ढोलवाल्यांना म्हणाली, "आपण आम्हाला कायम करणार म्हणालात. कसं करणार? भरती परीक्षा तर द्यावीच लागते ना?"

"अरे मॅडम, वो सब देख लेंगे."

"कौन देख लेगा, सर?"

ते हसले. घड्याळाकडे बघितलं. पुढची सभा आहे म्हणाले आणि निघाले. शबनम उभीच होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतके महिने तिने त्या आश्वासनावर घरचे बेत केले होते.

वेळेवर आलेले गृहस्थ म्हणाले, "बेटी, ते एकट्या आमदाराच्या हातात नाही. मी खोटं सांगणार नाही."

बाहेर चहा पिताना त्यागीजी म्हणाले, "मॅडम, प्रस्ताव रहने दो."

निवडून कोण आलं ते सांगत नाही; मी अजून नोकरीत आहे. एवढंच सांगते, सुनीता आणि तिच्या मैत्रिणी त्याच्या ऑफिसात इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना न विचारता पाणी द्यायचा. पुढच्या सेशनला अकरावी सायन्स सुरू झालं. काजलने दहावीनंतर तिथेच ॲडमिशन घेतली.

सायन्स सुरू झालं म्हणून शाळेत कायमचे सायन्स शिक्षक बदली होऊन आले. त्यातल्या एका मॅडमकडे नववी-दहावीही आली. आणि नियम असा, की कायमचा शिक्षक आला की त्या जागेवरचा गेस्ट टीचर मोकळा. शबनमला शुक्रवारी सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नका.

हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

ती कपाट रिकामं करत होती. मी म्हटलं, "शबनम, आपण लढू."

"लढू ना, मॅम. पण आधी मुलींना सांगून येते. आज प्रॅक्टिकल आहे त्यांचं."

लढलो. त्यागीजी स्वतः डिपार्टमेंटमध्ये जाऊन बसले. खूप खेटे घातल्यावर तिला यमुनापारच्या एका शाळेत जागा मिळाली. अजूनही गेस्ट म्हणूनच. येण्याजाण्यात तिचा दिवस संपतो. भरती परीक्षेचा अभ्यास ती मेट्रोत करते.

युनियनने मत कोणाला द्या ते सांगू नये, काय विचारायचं ते सांगावं, हे माझं मत अजून तेच आहे. फक्त आता प्रश्न ठरवायला बसलो की मी आधी विचारते: हे मिळालं, तर आपल्यातलं कोण घरी जाईल?