पाण्यावर उतरताना येणारा आवाज

तळ्याकाठच्या त्या छोट्या विमानात मेलेला वैमानिक बोलतो, अशी कुजबुज आमच्याकडे बरीच वर्षं होती. सांगणारे शपथेवर सांगत, ऐकणारे पदरची भर घालून पुढे पाठवत.

विमान जमिनीवरही उतरे आणि पाण्यावरही. पोट होडीसारखं, चाकं वर दुमडणारी. धावपट्टीवर चाकं खाली हवीत, पाण्यावर वर. पाण्यावर ती खाली राहिली, की विमान नाकावर कोलांटी खातं. ते बनवणाऱ्या कारखान्याचं पहिलं विमान तसंच उलटलं आणि चाचणी घेणारा वैमानिक गेला. त्याची बायको त्याच कारखान्यात पंखांवर कापड चढवायची, सीटच्या गाद्या शिवायची. दुसऱ्या, म्हणजे या विमानाचे पंखही तिनेच शिवले. ते उडवायला बसला कोण, तर तिचा धाकटा दीर.

दीर देखणा, बोलघेवडा, आणि विसरभोळा इतका की मित्राच्या लग्नाला भलत्याच हॉलमध्ये जेवून आलेला. बेटांवर औषधं आणि टपाल पोचवायचं, आजाऱ्यांना आणायचं, उन्हाळ्यात जंगलात धूर दिसतो का बघायचं, हे त्याचं काम. चाकांची आठवण द्यायला कारखान्याने विमानात घंटा बसवली. त्याने आठवड्याच्या आत तिची तार कापली.

"भाऊजी, घंटा का काढलीत?"

"डोकं उठतं हो, वहिनी. आजारी माणसं दचकतात."

"आजाऱ्यांचं नाव पुढे करू नका. चाकं विसरलात तर?"

"मी विसरेन?"

"परवा सायकल बाजारात ठेवून चालत घरी आलात. वर चोरीला गेली म्हणून शेजाऱ्यांशी भांडलात."

तो हसला. ती हसली नाही. एकाला तळ्यातून बाहेर काढताना तिने पाहिलं होतं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो दवाखान्यातल्या नर्सला घेऊन बेटाकडे निघाला. तळ्यावर धुकं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, काही कळेना. उतरण्यासाठी त्याने वेग कमी केला, तेवढ्यात अगदी जवळून संथ आवाज आला.

"धाकट्या, खाली काय आहे ते बघ. पाणी असेल तर चाकं वर घे."

नर्सला वाटलं, हाच बोलला. पण याचे ओठ मिटलेले, चेहरा पांढराफटक. त्याला धाकट्या म्हणणारा जगात एकच माणूस होता. आवाज पुन्हा आला. तेच शब्द, तोच सूर, मध्ये तेवढाच श्वास. त्याचा हात आपोआप चाकांच्या दांड्यावर गेला.

चाकं खालीच होती.

परत आल्यावर तो सरळ शिवणाच्या खोलीत गेला.

"वहिनी, दादा बोलला."

तिची सुई थांबली नाही. "काय म्हणाला?"

"चाकं वर घे म्हणाला."

"घेतलीत ना?"

"घेतली."

"मग झालं. त्याचं ऐकत जा."

पुढे तो प्रत्येक वेळी उतरताना मोठ्याने म्हणायचा, "घेतली रे, दादा." बदली वैमानिक एकदा त्या विमानात बसला आणि पुन्हा बसायला तयार होईना, भलताच कोणीतरी त्यालाही धाकट्या म्हणत होता. अफवा वाढत गेली. वहिनीने ती कधी खोडली नाही. घंटेची तार कापणारा हात दादाच्या आवाजाला लागणार नाही, हे ती ओळखून होती. दीर म्हातारा होऊन निवृत्त झाला, धडधाकट.

सीटच्या गादीत टेपरेकॉर्डर होता. वेग कमी करण्याचा दांडा मागे ओढला की तो सुरू होई. टेप नवऱ्याने भावाला पहिल्या विमानावर शिकवताना भरलेली होती. घंटेची तार कापली गेल्यावर जोडणी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने केली आणि गादी तिने शिवली.