इकतची भाकर

बायकोला हे माहीत नाही. आईला सांगावं असं एकदा मनात आलं होतं, तोवर आई गेली. दोस्तांत बसल्यावर माणूस काय काय बकतो, पण ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी निघाली नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो — का, ते विचारू नका. तुमचं-माझं नातं नाही, गोतं नाही, म्हणून असेल.

मी लातुरात एका कॉलेजात शिकवतो. विषय — व्यवसाय संशोधन. म्हणजे धंद्यात पैसा अन् जीव घालायच्या आधी माहिती कशी काढायची, ते. दरवर्षी फळ्यावर तेच लिहितो. आधी प्रश्न ठरवा, कारण प्रश्नच वाकडा असला की उत्तर सरळ येत नाही. मग आपला अंदाज मांडा. मग कुणाला विचारायचं ते ठरवा, जाऊन विचारा, आलेल्या उत्तरांचा अर्थ लावा, अन् जे निघालं ते जसंच्या तसं मांडा. पोरं लिहून घेतात. एक वाक्य मात्र मी घाईघाईनं उरकतो — अंदाज खोटा ठरला म्हणजे संशोधन फसलं असं समजू नये, उलट तेच खरं कामाला आलं. हे म्हणताना मी पोरांकडं बघत नाही, खिडकीबाहेर बघतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही देवणीकडचे. तिला दिलेली शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका खेड्यात. घरची जमीन, खाऊन-पिऊन सुखी, पण घर सगळं सासऱ्याच्या मुठीत. अक्काचं स्वतःचं म्हणावं असं एकच — गावची अंगणवाडी. ती तिथं सेविका होती. रस्त्यानं निघाली की बारकी लेकरं "बाई, बाई" करत मागं पळायची. दाजी चिडवायचे, "आमच्या घरात एकच सरकारी माणूस हाय बाबा, जरा दबकून ऱ्हावं लागतंय." चिडवायचे खरे, पण त्यात थोडा मानही असायचा.

अन् अक्काला लातुरात यायचं होतं. लई दिवसांची इच्छा. पोरगा दहावीला येऊन राहिला होता, त्याला इथं क्लासला घालायचं होतं. लातूर म्हणजे क्लासचं गाव, हे तुम्हाला सांगायला नको. कुठून कुठून लेकरं येतात. अन् कित्येकांच्या आयाही येतात — बाप गावाकडं शेती बघतो, आई इथं एक खोली घेऊन दोन वर्षं लेकराला रांधून घालते. अक्कानं ते बघितलं अन् तिच्या डोक्यात आलं, ह्या बायकांना ताजी गरम ज्वारीची भाकर कोपऱ्यावर आयती मिळाली तर? भाजी त्यांनी करावी, भाकरी आपल्याकडून न्याव्यात. तिचा हात भाकरीला असा होता की सोयऱ्यांत कुठं लग्न असलं तर भाकरीच्या चुलीवर आधी तिला बसवायचे.

मी तेव्हा नांदेडला एमबीए करत होतो. मला प्रकल्प पाहिजेच होता. अक्कानं विषय काढला तेव्हा सासरे म्हणाले, "बापू शिकून राहिलाय ना? त्याला तपास करू द्या. त्यानं हाव म्हणलं तर जावा." बापू म्हणजे मी. त्या घरात माझ्या शब्दाला एवढं वजन कधीच आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू — मला ते लई गोड लागलं.

तर मी फिरलो. क्लासच्या मागच्या गल्ल्यांत, जिथं एका अंगणाभोवती खोल्याच खोल्या असतात. प्रत्येक दारात तेच. "बसा की दादा, च्या घ्या." कुठली आहेस, कुणाचा आहेस, अरे मग ते अमके तुझे कोण — हे सगळं झाल्यावर मी विचारायचा: ताजी भाकर विकत मिळाली तर घ्याल का, मावशी? "हाव, घिऊ की! लई बरं होईल." सगळ्या हावच म्हणत होत्या.

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर हसला असाल. आमच्याकडं दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणतं? लग्नाची पत्रिका द्यायला जा — "येतो की!" येतो कोण? "हाव, बघू की" म्हणजे नाही, हे शेंबडं पोरगंही जाणतं. पुण्याहून कुणी आला असता तर तो फसला असता, त्याला एकवेळ माफ. मी देवणीचा. मी आयुष्यभर असले हाव ऐकलेले, स्वतः म्हटलेले. मला कळत नव्हतं? कळत होतं. पण मला वाटलं — नाही, मी वाटू दिलं — की दहातल्या दोघी-तिघी तरी खऱ्या असतील. असतीलच ना? का नसतील?

मग एका अंगणात ती बाई भेटली. इस्लापूरकडची. उंच, काळीसावळी, मेथी निवडत बसलेली. च्या विचारला नाही, कुठला तेही विचारलं नाही. माझा प्रश्न ऐकला अन् मेथीची जुडी खाली ठेवली.

"लेकराला इकतची भाकर खाऊ घालायची आसंल," ती म्हणाली, "तर म्या घरदार सोडून हितं कशाला आले रे बाबा? मालक तिकडं हातानं करून खाऊ लागलेत. गावातले इचारतेत, तुझी बायकू लातुरात काय करू लागली? त्यायला सांगू, भाकर इकत आणू लागली म्हणून?"

अन् मग, ज्या बायका घटकाभरापूर्वी मला हाव म्हणाल्या होत्या, त्याच हसायला लागल्या. एकीनं तर पदर तोंडाला लावून म्हटलं, "आवं, खरंच हाय की तिचं!" मीही हसलो. कप खाली ठेवला अन् निघालो.

बसस्टँडपर्यंत चालत आलो तोवर मला सगळं कळलं होतं. हेच उत्तर होतं. बाकीचा सगळा चहा होता. आमचा प्रश्नच वाकडा होता — आम्हाला वाटलं, ह्या बायकांना भाकरी करायचा कंटाळा येत असेल. अरे, भाकरी करणं हीच तर त्यांची लातुरात राहायची परवानगी! ती दुसऱ्याच्या हातात कोण देईल? शेजारणीच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यावरून भाकरी कोण आणेल? चार दिवस अजून फिरलो असतो, नीट विचारलं असतं, तर अक्काला दुसरं काही सुचवता आलं असतं. लोणचं, चटण्या, काहीही. किंवा सरळ सांगता आलं असतं — अक्का, नको.

मी त्या बाईचं बोलणं कुठंच घेतलं नाही. मनात तिला एक नाव दिलं — अपवाद. असा शब्द शिकलेल्या माणसाच्या लई कामाला येतो. प्रकल्प छान झाला. सरांनी वर्गात उभं करून कौतुक केलं. मग मी शिरूरकडं गेलो अन् सासऱ्यांच्या पुढ्यात म्हणालो, "चालंल. पक्कं चालंल." अक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कुणी नजर लावू नये म्हणून. माझ्या हुशारीला.

का केलं मी असं? तिचं मन मोडवेना म्हणून? लोक असंच म्हणतील, अन् मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगत आलो. पण ते खरं नाही. मला शाबासकी पाहिजे होती. "तपासात नाही निघालं" असं सांगणाऱ्याला कोण शाबास म्हणतं? सासरे म्हणाले असते, एवढं शिकून हेच का? — तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं. बस. एवढ्यासाठी.

अन् मला परत एक संधी मिळाली होती. राजीनामा द्यायच्या आधी तिचा फोन आला. अंगणवाडीतूनच, मागं लेकरांचा कालवा चालू होता. "बापू, देऊ ना रे? परत मिळत नसते ही नोकरी." तेव्हा नुसतं "थांब जरा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती थांबली असती. मी म्हणालो, "दे की. भ्यायचं काय त्यात?"

दुकान गल्लीच्या तोंडावर होतं. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, अन् त्याच बायका येऊन पेढे खाऊन "लई छान हाय ओ ताई" म्हणून गेल्या. भाकर नेली नाही कुणी. एखादा एकटा राहणारा शिपाई, एखादा रिक्षावाला, एवढंच गिऱ्हाईक. संध्याकाळी उरलेल्या भाकरी अक्का गल्लीतल्या गायींना घालायची. मग तिनं ज्वारी बदलली. गिरणी बदलली. गॅस काढून कोळशाची शेगडी आणली. मी सुट्टीच्या दिवशी जायचा, पोटभर जेवायचा अन् तिला सांगायचा, "मार्केट तयार व्हायला वेळ लागतो, अक्का." मार्केट! हा शब्द तिच्यापुढं वापरताना माझी जीभ कशी झडली नाही?

तिला कळेना, बायका येतात, हसतात, बोलतात, मग नेत का नाहीत. मला कळत होतं. मी तिथंच बसून तिची भाकर खात होतो.

वर्ष पुरं व्हायच्या आत दुकान बंद झालं. ती गावी परतली तेव्हा अंगणवाडीत दुसरी बाई आलेली होती. बारकी लेकरं आता तिच्या मागं पळायची. दाजींचं चिडवणंही संपलं. त्या जागी दुसरंच सुरू झालं — भाजीत मीठ जास्त झालं तरी "हिचं तर लातूरचं हाटेल होतं" असं चारचौघांत म्हणायचे. सासरे वारले तोवर तिच्याशी सरळ बोलले नाहीत. माझ्याशी मात्र बोलायचे. बापूनं सांगितलं ते बरोबरच होतं म्हणायचे, हिलाच जमलं नाही. मी ते ऐकायचा. प्रत्येक वेळी.

आता अक्का नांदेडला पोराजवळ असते. पोरगा चांगला निघाला, नोकरी आहे, सून स्वभावानं बरी आहे. पण अक्का एका खोलीत बसून असते. जिथं कुठं जाते तिथं आधी विचारते, "मी काही करू का? का नको?" ही बाई साऱ्या गावाच्या लेकरांना दमात ठेवायची. भाकर करत नाही. पीठ मळतच नाही. सून म्हणते — आमच्याकडं सासूला मामी म्हणतात — मामी, एकदा करा ना, तर अक्का म्हणते, "माझा हात गेला गं."

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, झालं, सांगून टाकलं यानं. मलाही वाटलं होतं, एवढं सांगितलं की सुटेन. पण हे तर मी कुणाला तरी कधी तरी सांगूही शकलो असतो. जे सांगता येत नाही ते मागच्या दिवाळीतलं आहे.

भाऊबीजेला गेलो होतो. ओवाळून झालं, सून आत गेली. अक्का माझ्या जवळ सरकून बसली. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं तिनं, त्या दिवशी विचारलं. आवाज एकदम बारीक. "बापू, तू शिकलेला हायस. खरं सांग, मला राग यायचा न्हाई. माझ्या भाकरीत काय कमी होतं रे?"

ती वाट बघत होती. तोंडावर ना राग ना रडू. नुसतं कळून घ्यायचं होतं तिला. सांगायला किती लागलं असतं — अक्का, तुझं काही चुकलं नाही, मला आधीच माहीत होतं, मी लपवलं. बाहेर पोरं फटाके उडवून राहिली होती. माझ्या कपाळावर तिनं लावलेलं कुंकू ओलंच होतं.

मी म्हणालो, "जरा जाड व्हायच्या, अक्का."

कसं आलं तोंडात, मला माहीत नाही. आलं. तिनं मान हलवली, दोन-तीनदा, एखादं हरवलेलं सापडल्यावर हलवावी तशी. "हाव का?" म्हणाली. "मंग तवाच सांगायचं न्हाई का रे, येड्या? म्या पातळ केल्या आसत्या."

आता सून भाकरी करायला बसली की अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते अन् तिला सांगते, "पातळ थाप गं, माझ्यावानी जाड करू नको." सुनेनंच मला फोनवर हसत सांगितलं. मामींनी शेवटी आपली चूक कबूल केली म्हणे.

अक्काच्या भाकरी जाड नव्हत्या.