गेटवेच्या आधी दुकान

पावणेपाच वाजले होते आणि माझे बेचाळीस प्रवासी अजून दुकानातच होते.

दुकान म्हणजे एम्पोरियम. फोर्टच्या एका गल्लीत, दोन मजली, एसी, दारात सलाम ठोकणारा वॉचमन. कार्यक्रमात तिथला हॉल्ट अर्ध्या तासाचा होता आणि आम्ही साडेतीनला आत शिरलो होतो.

मी भिवंडीच्या एका ट्रॅव्हल्समध्ये गाइड होतो. दर रविवारी ‘मुंबई दर्शन’. सकाळी सहाला बस सुटायची, कशेळीला ट्रकांच्या रांगेत रखडायची, मग राणीची बाग, मत्स्यालय, हँगिंग गार्डन, दुकान आणि सगळ्यात शेवटी गेटवे. ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची, थंडीच्या दिवसांतली.

आमच्या धंद्यात दर्शन दोन प्रकारचं. एक ‘उतरून’, दुसरं ‘बसमधून’. उतरून म्हणजे खाली उतरून नीट बघायचं. बसमधून म्हणजे ड्रायव्हरने स्पीड कमी करायचा आणि मी माइकवर ओरडायचं, “डाव्या हाताला बघा, वस्तुसंग्रहालय!” डाव्या बाजूच्यांना घुमट दिसायचा, उजव्या बाजूच्यांना डाव्या बाजूच्यांची डोकी. हँडबिलवर बसमधूनच्या ठिकाणांपुढे एवढीशी फुली असायची. दुकानापुढे मात्र कधीच फुली नसायची. दुकान कायम उतरून! आमच्या बसचं डिझेल दुकानदार भरायचा, हे हँडबिलवर कुठेच नसायचं.

दोन नंबरच्या सीटवर बाळूकाका आणि काकी होते. काका मूळचे खारबावकडचे, राहायला भिवंडीतल्या निजामपुऱ्यात. तीस वर्षं लूमच्या कारखान्यात तागा तपासायचं काम. साच्यावरून, म्हणजे लूमवरून, उतरलेला कपडा टेबलावर ओढायचा आणि डोळ्यांनी, बोटांनी दोष शोधायचा. कुठे तार तुटली, कुठे गाठ राहिली. त्या कामात काय किंवा आणखी कशाने, काकांचे डोळे अधू झाले. दिवसा बरं दिसायचं. ऊन उतरलं की संपलं.

सकाळी बसमध्ये चढतानाच त्यांनी मला बाजूला घेतलं होतं.

“भाऊ, मना बाकी कायपन न्हाय बघाचं. जहाज बघाचं हाय. आमचा शेठ बोलायचा, बाळू, तू तपासलेला कपडा जहाजात बसून परदेशात जातो. मी बोललो, जातो कशात तं बघून तरी घेऊ.”

“बघाल की काका. गेटवेला उभं राहिलं की समोरच असतात.”

“पण उजेडात हां. दिवस बुडला का मना न्हाय दिसत. आनि डाक्टर बोललाय, पुढच्या वर्षी दिवसाचं पन काय खरं न्हाय.”

“पाचच्या आत पोचतो आपण,” मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो.

आता पावणेपाच झाले होते. काकांनी मला तिसऱ्यांदा विचारलं, “किती वाजले, भाऊ?” मी प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं कमी करून सांगत होतो. याची आजही लाज वाटते.

लोक बाहेर का येत नव्हते? कुपनामुळे. दुकानात शिरताना प्रत्येकाच्या हातात एक लकी कुपन दिलं जायचं. ड्रॉ कधी, तर ‘थोड्या वेळात’. पहिलं बक्षीस टीव्ही, समोरच टेबलावर हार घालून ठेवलेला. टीव्ही सोडून कोण उठणार? तोवर सेल्समन एकेक तागा उलगडत राहायचे.

काकी एका काउंटरवर बसल्या होत्या. जावयाला पँटपीस घ्यायचा होता. सेल्समन रंगात आला होता.

“देखिए माताजी, प्योर मिल का माल. पावरलूम का कचरा नहीं है. ऐसा आपको भिवंडी में नहीं मिलेगा.”

काका मागे उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि कापडाची किनार अंगठा-तर्जनीत धरून सरकवत नेली. वीतभर गेले, थांबले. पुन्हा मागे आले.

“ये किधर का बोला?”

“मिल का, चाचा.”

“कौनसा मिल? ये देख. किनारे पे दो तार एक साथ आता है, फिर छूटता है, फिर आता है. ये हमारे शेड का अकरा नंबर साचा है. मैं उसको कितना बार दुरुस्त करने को बोला!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, ह्या कपड्याला मी स्वतः पास केलाय. गेल्या दिवाळीच्या टायमाला.”

आजूबाजूचे आधी हसले. मग हळूहळू हसू थांबलं. बसमधले अर्धेअधिक लोक लूमवाले होते. कुणी बीम भरणारा, कुणी जॉबर, बायका कांड्या भरणाऱ्या. सगळे हातातली कापडं उलटीपालटी करून बघू लागले. एक बाई उठून उभीच राहिली.

“म्हंजे आमच्या गल्लीतला कपडा घ्यायला आमाला इथवर आणला? आनि वर कचरा बोलतो काय रं?”

पाच मिनिटांत दुकान रिकामं झालं. टीव्हीचा मोहसुद्धा कुणाला राहिला नाही. पाच वाजून पाच मिनिटं. अजून उजेड होता. मला वाटलं, सुटलो!

पण माझी ट्रिपशीट दुकानाच्या मॅनेजरकडे होती. ट्रिपशीट म्हणजे आमच्या दिवसाचा कागद. त्यावर दुकानाचा ठप्पा लागतो. ठप्पा नसेल तर हॉल्ट झालाच नाही असं धरायचं, आणि गाइडने सोमवारी ऑफिसात येऊ नये हे बरं. मॅनेजर गल्ल्यावर शांत बसला होता.

“ठप्पा ड्रॉ के बाद,” तो म्हणाला.

“लोग बस में बैठ गए, साहब.”

“तो बैठे रहने दो. रूल है. और अपने शेठ को बोलना, ऐसे लोग मत लाया करो.”

ऐसे लोग! ज्यांच्या कापडावर त्याची दोन मजली इमारत उभी, ते ऐसे लोग. माझी कानशिलं तापली. पण मी काय केलं? मी काउंटरपाशी उभा राहिलो. नोकरीला सहाच महिने झाले होते.

आमचे ड्रायव्हर रफीकभाई दारात येऊन गेले. “अबे छोड़ ठप्पा. चल. मैं बोल दूँगा शेठ को, मैंने गाड़ी निकाली.”

“दो मिनट, रफीकभाई.”

ती दोन मिनिटं पाऊण तासाची झाली. ड्रॉ झाला तेव्हा दुकानात मॅनेजर, तीन सेल्समन आणि मी. टीव्ही ज्या नंबरला लागला, तो नंबर आमच्या बसमध्ये कुणाकडेच नव्हता. मॅनेजरने ठप्पा मारला, फुंकर घालून वाळवला आणि कागद मला दिला.

गेटवेला पोचायला सव्वासहा वाजले. काकी काकांचा हात धरून कठड्यापर्यंत घेऊन गेल्या. समोर आकाश काळसर झालं होतं. लांब तीन मोठी जहाजं उभी होती. मला दिसत होती. मी बोट दाखवत होतो, जसं काही बोट दाखवून उपयोग होता.

काका बराच वेळ बघत राहिले.

“दिवे दिसत्यात,” ते म्हणाले. “पाच-सा दिवे हायत. जहाज कुठं हाय?”

काकी म्हणाल्या, “दिव्यांच्या खाली.”

“खाली काळोख हाय,” काका म्हणाले, आणि कठड्यावर हात फिरवत उभे राहिले.  

सोमवारी मी ट्रॅव्हल्सच्या शेठपुढे उभा राहिलो. म्हटलं, कार्यक्रम बदला. गेटवे आधी घ्या, दुकान शेवटी.

शेठ हसला. “आदी समुद्र बगितला का लोकांचे पाय दुकतात. मंग दुकानात कोन चढनार?”

“शेठ, एका माणसाचे डोळे जातायत. त्याला तुमच्या कुपनामुळे जहाज दिसलं नाही.”

“मंग पुडच्या खेपेला आन त्याला, फुकट. समुद्र कुटं पलून चाललाय?”

मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. काकांना माझ्या खर्चाने, दिवसाढवळ्या घेऊन जायचं ठरवलं. पण दुसरी नोकरी शोधण्यात सात-आठ महिने गेले. निजामपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा काका दारातच बसले होते. भर दुपार होती. मी अगदी समोर उभा राहिलो, तरी त्यांनी विचारलं, “कोन हाय?”

आता कुणी दर्शनाच्या बसचं तिकीट काढायला निघालं की मी एकच सांगतो. हँडबिलवर काय काय दाखवणार ते वाचू नका, कोणत्या वेळेला काय ते विचारा. दुकान उजेडात आणि समुद्र अंधारात असेल, तर बस सोडून द्या. त्या रविवारी हे सांगायला त्या बसमध्ये एक माणूस पगारावर ठेवलेला होता. तो काउंटरपाशी उभा राहून ठप्प्याची वाट बघत होता.