भाजलेली फुलदाणी

हसा, खुशाल हसा! मी स्वतःच सांगतोय म्हटल्यावर तुम्ही तोंड कशाला दाबताय? फक्त कप आधी खाली ठेवा. आमच्या साडूंना ऐकताना ठसका लागला होता.

आमची ही, म्हणजे सुनंदा, गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर गेली. तिचं राज्य गच्चीवर होतं. निळी पिंपं अर्धी कापून त्यांत शेपू, अंबाडी, भेंडी, झेंडू. खाली गल्लीत कापडाचे लूम खडखडतायत आणि वर ही बाई भेंडीशी गप्पा मारतेय, असा आमचा संसार.

ती गेल्यावर मला काही गच्ची चढवेना. जिन्याच्या वळणापर्यंत जायचो आणि माघारी यायचो. नाशिकहून मुलीचा, मृणालचा, रोज फोन.

"बाबा, आईच्या झाडांना पाणी घातलं?"

"घातलं की!"

"कशी आहेत?"

"मजेत!"

झाडं कधी मजेत असतात का? पण मी ठोकून द्यायचो. पाऊस होता तोवर निभावलं.

मग एक दिवस ती म्हणाली, "संक्रांतीला येतेय." मेलो! धीर करून गच्चीवर गेलो, तर एक पान हिरवं असेल तर शपथ. भेंड्या वाळून तडकलेल्या, अंबाडीची बोंडं खडखडीत, शेपूच्या नुसत्या काड्यांच्या छत्र्या, झेंडूनं काळ्या माना खाली घातलेल्या. मी तिथेच पिंपाच्या कडेला बसलो. बायको गेली ते माझ्या हातात नव्हतं हो. पण झाडं? एक बादली पाणी, तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

पण चोराचं डोकं काय धावतं म्हणता! दातांच्या डॉक्टरांकडे टेबलावर सुकी फुलं ठेवलेली मी पाहिली होती. हल्ली फॅशन आहे म्हणे. ठरलं! मेलेली झाडं म्हणायचंच नाही, सजावट म्हणायचं. सगळं देठासकट कापून खाली आणलं. रिटायर होताना ऑफिसनं दिलेली पितळी फुलदाणी घासली. आता भीती एकच, कीड. रव्याला कीड लागू नये म्हणून तो भाजून ठेवतात, ही एकट्या माणसाची नवी विद्या मला नुकतीच आली होती.

भाजलं की मी! मंद आचेवर, दांड्या हातात धरून, डोकी तव्यावर टेकवून. एकेक करून, जीव लावून. भेंड्या तडतडल्या. झेंडूचा धूर झाला. आणि मग शेपूचा वास सुटला.

हिच्या शेपूच्या भाजीला मी जन्मभर नाकं मुरडली. "अहो, नाकाला चिमटा लावा आणि जेवा," म्हणायची. त्या वासात मी गॅससमोर किती वेळ उभा होतो, माहीत नाही. शेजारच्या रेहानाभाभींनी दार वाजवलं तेव्हा भानावर आलो.

"भाईसाब, क्या जल रहा है?"

"फुलदाणी!" मी म्हणालो.

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि गॅस बंद केला.

मृणाल आली. फुलदाणीसमोर थबकली. डोळे भरून आले तिचे. "बाबा... हे तुम्ही जपून ठेवलंत?"

जपून? मला वाटलं, टोमणा मारतेय! माझा बांधच फुटला. "मी पाणी घातलं नाही गं. खोटं बोललो. आईची झाडं मी मारली."

"अहो बाबा, काय बोलताय? ही दर हिवाळ्यात वाळतातच! आई मुद्दाम वाळू द्यायची, बियांसाठी. वळ गावच्या आजीकडचं बी ना हे. तिथं आता शेत कुठंय? गोदामं झाली. एवढंच उरलंय."

काय सांगू, छातीवरचा धोंडाच उतरला! मी मारली नव्हती! तेवढ्यात तिनं अंबाडीचं एक बोंड तळहातावर चुरलं आणि नाकाशी नेलं.

"बाबा, याला भाजल्याचा वास का येतोय?"

"कीड लागू नये म्हणून!" मी अभिमानानं सांगितलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि पुढे हसणं कुठलं, रडणं कुठलं, कळेना. मीही तिच्या शेजारी बसलो. मला तर अजून माझं काय चुकलं ते कळलंच नव्हतं. तिनंच डोळे पुसून सांगितलं, भाजलेलं बी रुजत नाही. पण ओरडली नाही हो. म्हणाली, "एखादं वाचलंही असेल. पावसाळ्यात पेरून बघा."

पेरलं. रोज सकाळी गच्चीवर जायला लागलो. बरेच दिवस माती ढिम्म. आणि एका सकाळी कडेच्या पिंपात हिरवं! लगेच फोटो काढून पाठवला. मृणालचं उत्तर आलं, "वा, बाबा!" मग रोज एक फोटो. त्याला काठीचा आधार दिला. वाऱ्याला आडोसा केला. खोटं कशाला बोलू, त्याच्याशी गप्पासुद्धा मारल्या.

परवा रेहानाभाभी कपडे वाळत घालायला वर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"भाईसाब, बकरी कब ला रहे हो?"

"कसली बकरी?"

"तो फिर ये इतनी घास किसके वास्ते पाली है?"

तिथूनच मृणालला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच फोटोत कळलं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

म्हणाली, "तुम्ही रोज गच्चीवर जायला लागला होतात ना."

तर मंडळी, आयुष्यात मी मन लावून काही वाढवलं असेल, तर ते गवत! कमरेपर्यंत आलंय. उपटा म्हणतात सगळे. मी पाणी घालतो. उद्या हेही वाळलं, तर वर गेल्यावर हिला काय तोंड दाखवू?