आबांना कळता कामा नये

दिनकर गेल्याचं मला कॉलेजच्या शिपायानं जिन्यातच सांगितलं. पाच आठवडे झाले, पण राग जात नाही. त्याच्यावरचा, आणि त्याहून जास्त माझ्यावरचा.

आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. पेठ वडगावहून रोज एसटीनं यायचा. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातली गुणसूत्रं मोडतात का, हे आम्ही तपासत होतो. लोखंडाला गंज चढावा तसा धूर पेशीला आतून खातो, असं मी येईल त्याला ऐकवायचो. तुलनेला न ओढणारेही हवे होते. दिनकरनं बाही वर सारली, "लिही, निर्व्यसनी." सदानकदा लवंग चघळतो, एवढंच मला ठाऊक. त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि उडालोच... तुटकी गुणसूत्रं! दार लावून फैलावर घेतलं तेव्हा कबूल झाला. दिवसाला वीस.

"मग खोटं का बोललास?"

"हापिसातला कारकून आमच्या गावचा हाय. यादीत नाव दिसलं की सांजच्याला आबांच्या कानावर. बापाम्होरं आजवर पान खाल्लं न्हाय मी!"

एका काचेवरून कुणाचं मरण सांगता येत नाही, तरी मी विनवलं, सोड बाबा. तर हसला, "शेचाळीसातली दोन मोडली तर काय झालं? चव्वेचाळीस हायत की शाबूत!" वर माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, आबांना सांगायचं नाही. त्यानं ऐकलं असतं तर फक्त वडिलांचं. पुढं खोकला सुरू झाला, वजन उतरलं, तरी मी गप्प. विज्ञान शिकवणारा माणूस मी, पण डोक्यावरची शपथ मोडून त्याच्या जिवाला काही झालं तर... या भीतीनं जीभ रेटेना. शपथ पाळली, आणि माणूस फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला.

तेराव्याला वडगावात आबांपुढं सगळं ओकलो.

"मास्तर, मला काय नाक न्हाय व्हय?" आबा म्हणाले. "गोठ्याच्या मागं वडायचा. माझा मान राखत हुता पोरगा. इचारलं असतं तर त्याची मान खाली गेली असती. म्हणून तिकडं जाताना मी खाकरायचो, इझवायला येळ मिळावा त्याला."

म्हशीला पाणी दाखवायला ते उठले. मागच्या दाराशी पोचले, मोठ्यानं खाकरले... आणि तिथंच थांबून राहिले.