दोन्ही रचनांना नकार

देव, कौल, अंगात येणं या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे लिहिताना भीती वाटत नाही, लाज वाटते. घडलं तसं देतो.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं. आम्ही सावंतवाडीकडचे, लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत होते, मी परळच्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी. ज्या पदार्थाचे मोठे स्फटिक मिळत नाहीत, त्याची भुकटी बारीक काचेच्या नळीत भरायची आणि तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. फिल्मवर काळ्या रेघा उमटतात. त्यांच्यातली अंतरं आणि काळेपणा पाहून आत अणू कसे रचलेत ते ताडायचं.

माझ्या क्षाराला दोन रचना लागू पडत होत्या. रेघांशी दोन्हींचा हिशेब सारखाच जुळे. परदेशात कोणीतरी त्याच क्षारावर काम करत होतं. आमचं आधी छापून आलं तरच माझी स्कॉलरशिप पुढे चालणार होती. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिली रचना निवडली. लेख टाइप झाला, आणि तो पोस्टात टाकायच्या दिवशी नेमका हरताळ. पाकीट घेऊन मी घरीच बसलो.

"तोंड असां कित्याक केलंस?" आईने विचारलं.

"दोन नकाशे आसत. खरो खंयचो तो कळना नाय."

"मगे देवीक इचारतंय."

गावाहून आणलेल्या देवीच्या पाषाणावर तिने जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या — एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भर दुपार होती, खाली रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. पहिल्या नकाशाला डावी पडली. मला हसू आलं — म्हणजे दुसरा! तिने पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा डावी.

"दोनय नाय म्हणता रे."

"अगे, दोनांतलो एक आसतलोच!"

"तां तुजां शास्त्र. ती नाय म्हणता."

दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्याने टाकवेना. सरांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगून बसलो. सर गिरगावातले, बोलणं मोजकं. सगळ्यांसमोर म्हणाले, "परब, मग लेख तपासायला देवीकडेच पाठवू या का?"

शेजारच्या टेबलावरून मित्र ओरडला, "नारळ किती लागतील रे? रचनेगणिक एक?"

सगळे हसले. माझे कान तापले. तरीही मी म्हटलं — किरण जास्त वेळ देऊन एकच फिल्म घेऊ द्या.

"घ्या. देवीच्या खात्यावर."

फिल्म धुऊन उजेडात धरली. ठळक रेघांच्या मधे फिकट रेघा होत्या. आधीच्या फिल्मवर त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. अर्थ सरळ होता. अणूंची मांडणी एका दिशेने आम्ही धरली होती त्याच्या दुप्पट अंतराने पुन्हा येत होती. दोन्ही रचना चूक. सरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. "लेख थांबवा," एवढंच म्हणाले. पुढे तिसरी रचना बसली, आणि छापूनही आमचीच आधी आली.

पाषाणच डावीकडे कलता असेल म्हणून मी मागाहून पाकळ्या लावून पाहिल्या. कधी उजवी पडे, कधी डावी. त्या रेघांची पुसट खूण पहिल्या फिल्मवर मला नकळत दिसली असेल म्हणावं, तर आईने फिल्म पाहिलीच नव्हती. योगायोग म्हणा... मीही तसंच म्हणतो. पण 'दोन्ही नाहीत' हे उत्तर माझ्या प्रश्नात नव्हतंच. खुलासा मला आजतागायत सापडलेला नाही.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. नवा क्षार घेतला आणि पुन्हा दोन रचनांपाशी अडलो. रेघा फिरून मोजायच्या सोडून घरी आलो. आईने चेहरा पाहिला.

"इचारू?"

"नको," मी म्हटलं.

ती वळून भाकऱ्या थापायला लागली. मी देव्हाऱ्यासमोर उभाच राहिलो — तिने माझा 'नको' मानू नये म्हणून. ती पुन्हा विचारील याची वाट पाहत किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. त्यानंतर लवकरच मी प्रयोगशाळा सोडली आणि वर्तमानपत्रात नोकरी धरली.